वाळवंटाचे राखणदार

सप्टेंबर २०२२ मधल्या एका सोमवारी माझ्या सातवीच्या वर्गाचे धड्याकडे मुळीच लक्ष लागेना. शनिवारी, म्हणजे १७ तारखेला, नामिबियाहून आठ चित्ते विमानात बसून ग्वाल्हेरला उतरले होते आणि तेथून कुनोच्या रानात पोहोचले होते. पोरांना दुसरे काही सुचत नव्हते. मीही मग पुस्तक मिटले आणि भिंतीवरच्या नकाशात आफ्रिकेचा नैर्ऋत्येकडचा कोपरा दाखवला. तेवढ्यात मागल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, पण तिकडे ते चित्ते कोणाचे होते?"

"सरकारचे," मी सांगून टाकले. शिक्षकाला उत्तर द्यावेच लागते. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. पुढे कित्येक महिने मिळेल ते वाचीत गेलो, आणि आपण त्या मुलीला दिलेले उत्तर फार झाले तर अर्धेच खरे होते हे ध्यानात आले. रानातले जनावर कोणाचे, या एका प्रश्नावर त्या देशाचा शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे.

चित्त्याची आणि आपली ओळख जुनी. कोल्हापूरच्या दरबारात शिकारीचे चित्ते पाळलेले असत, त्यांना वळण लावणारे चित्तेवान असत. आणि आपल्याकडचे चित्ते संपत आले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेहून चित्ते आणवले. कोरियाच्या महाराजांनी १९४७ साली तीन चित्ते मारले, ते या देशातल्या शेवटच्या चित्त्यांपैकी मानले जातात. १९५२ साली हा प्राणी भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ही कहाणी पुष्कळांनी सांगितली आहे. मला सांगायची आहे ती पलीकडची.

नामिबिया आपल्या महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, पण माणसे अवघी तीस लाखांच्या आसपास. समुद्राला लागून नामीबचे वाळवंट. तेथे वेल्विचिया नावाची एक वनस्पती होते. तिला जन्मभर दोनच पाने, आणि तो जन्म हजार वर्षांहूनही मोठा असू शकतो! वायव्येकडच्या कोरड्या डोंगराळ मुलखाला काओकोवेल्ड म्हणतात. तेथले हिंबा लोक गाईगुरे पाळून राहतात. त्यांच्या बायका लोणी आणि तांबडी माती एकत्र मळून अंगाला व केसांना लावतात. प्रत्येक घराण्याचा एक पवित्र अग्नी असतो आणि त्याच्यापाशी बसून पूर्वजांशी बोलायचे असते. त्यांच्याच भाषाकुळातल्या हेरेरो स्त्रिया मात्र पायघोळ, घेरदार झगे घालतात. मिशनऱ्यांच्या बायकांकडून आलेला हा पोशाख. पण डोक्याला त्या जे वस्त्र बांधतात त्याला दोन्ही बाजूंना गाईच्या शिंगांसारखी टोके काढतात. परक्यांचा झगा घेतला, पण डोक्यावर आपली गाय ठेवली.

१८८४ साली या मुलखावर जर्मनांनी ताबा सांगितला. जमिनी आणि गुरे हातची जाऊ लागली तेव्हा १९०४ साली हेरेरो उठले. जर्मन सेनापती फॉन ट्रोथा याने त्यांना ओमाहेकेच्या निर्जल प्रदेशात रेटले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हेरेरो दिसेल तेथे गोळी घालण्याचा लेखी हुकूम काढला. हेरेरोंपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक माणसे तहानेने, गोळीने आणि कैदेच्या छावण्यांत मेली. दक्षिणेकडच्या नामा लोकांचीही तीच गत झाली. हा वंशसंहार होता, हे जर्मन सरकारने मान्य केले ते २०२१ साली.

आता एक तारीख पाहा. त्या छावण्या चालू असतानाच, १९०७ साली, त्याच जर्मन सत्तेने या देशात वन्य प्राण्यांसाठी तीन राखीव प्रदेश जाहीर केले. आजचे प्रसिद्ध एतोशा अभयारण्य त्यांतूनच निघाले. माणसांना संरक्षण नव्हते तेव्हा हरणांना ते मिळाले होते. मी प्राण्यांवर राग धरून हे लिहीत नाही. त्यांचा काय दोष? पण रानाचा कायदा म्हणजे परक्याचा कायदा, ही गाठ तेथल्या लोकांच्या मनात कशी बसली असेल ते यावरून समजावे.

पुढे १९१५ साली दक्षिण आफ्रिकेने तो देश घेतला आणि वर्णभेदही तेथे नेला. काळ्या लोकांना जातवार 'होमलँड' वाटून दिले. १९६७ च्या कायद्याने गोऱ्या शेतमालकांना आपल्या कुंपणाआतल्या वन्य जनावरांवर हक्क मिळाला: शिकार करा, मांस विका, पाहुणे आणा. पैसा मिळू लागताच त्यांच्या जमिनीवर हरणे वाढली. काळ्यांच्या सामाईक जमिनीवर मात्र तेच हरीण सरकारचे. ते मारले तर तुरुंग. हत्तीने पाण्याची टाकी फोडली तर नुकसान मात्र आपले.

याच काळात, १९७३-७४ च्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेतल्या रीमफास्माक गावच्या लोकांना तेथून हुसकले. त्यांच्यातल्या कितीएक कुटुंबांना शेकडो मैल दूर आणून नामिबियाच्या उघड्या माळावर सोडले आणि त्यांचे गाव सैन्याने सरावासाठी घेतले. हे लोक ध्यानात ठेवा, पुढे त्यांची गाठ पडणार आहे.

ऐंशी सालाच्या सुमारास काओकोवेल्डात भयंकर अवर्षण पडले. हिंबांची बहुतेक गुरे मेली. हिंबाच्या घरची गुरे मरणे म्हणजे केवळ गरिबी नव्हे. लग्न, श्राद्ध, मान, सारेच मरते. उपाशी माणसांच्या हाती बंदुका होत्या, हस्तिदंताचे आणि गेंड्याच्या शिंगाचे व्यापारी दारात होते, आणि साहेब लोक व शिपाईही शिकारीत मागे नव्हते. त्या भागातले काळे गेंडे शंभराच्या आत आले.

अशा वेळी गार्थ ओवेन-स्मिथ नावाचा एक गोरा गृहस्थ तेथे काम करीत होता. १९६८ साली तो शेतीखात्याच्या नोकरीवर काओकोवेल्डात आला होता. तेथल्या लोकांत फार मिसळतो म्हणून सरकारने त्याला दोन वर्षांत बाहेर काढले होते. तो परत आला. नुसती धरपकड करून काही साधत नाही, हे त्याला दिसत होते. तो हेरेरोंचे एक मुखिया जोशुआ कांगोम्बे यांच्याकडे मदत मागायला गेला. दोघांच्या बोलण्यातून एक साधी युक्ती निघाली: मुखियांनी आपलीच माणसे निवडावीत, त्यांनी आपले रान राखावे आणि जाब द्यावा तो मुखियाला, सरकारला नव्हे. मोबदला म्हणून थोडा शिधा आणि किरकोळ रोकड.

निवडलेल्यांत मुरलेले शिकारीही होते. कादंबरीत मी असा प्रसंग घातला असता तर वाचक म्हणाले असते, लेखकाने सोयीची कलाटणी घेतली. पण विचार केला तर यात नवल काय? जनावर कोठे पाणी पिते, कोणता माग कालचा आणि कोणता आजचा, हे शिकाऱ्याइतके कोणाला कळते? आणि गावात कोणाच्या घरी मांस शिजते हे राखणदाराच्या बायकोला आधी कळे. काही वर्षांतच चोरटी शिकार पुष्कळशी आटोक्यात आली. सरकारी खात्यातल्या कित्येकांना मात्र ही पद्धत मुळीच रुचली नाही.

पुढचे पाऊल पुरोस या हिंबा वस्तीत पडले. मार्गारेट जेकबसन ही संशोधिका तेथे लोकजीवनाचा अभ्यास करायला आली होती. प्रवासी येत, हत्ती आणि माणसे पाहात, फोटो काढीत आणि निघून जात. वस्तीला मिळे ती धूळ. तेथे १९८७ च्या सुमारास प्रत्येक प्रवाशामागे वस्तीला काही रक्कम मिळण्याची व्यवस्था झाली. रक्कम थोडी होती, पण जिवंत हत्तीपोटी मिळालेला तो पैसा होता. ओवेन-स्मिथ आणि जेकबसन यांना १९९३ साली गोल्डमन पारितोषिक मिळाले.

२१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. १९९६ साली कायदा बदलला आणि गोऱ्या शेतमालकांना जे मिळाले होते त्यासारखे हक्क सामाईक जमिनीवरच्या लोकांनाही मिळाले. अट एवढीच, की गावांनी एकत्र येऊन सीमा ठरवावी, सभासदांची यादी करावी, समिती निवडावी, घटना लिहावी आणि उत्पन्न कसे वाटायचे ते सांगावे. अशा संस्थेला ते 'कॉन्झर्व्हन्सी' म्हणतात. १९९८ साली पहिल्या चार झाल्या. त्यांतली एक न्याए न्याए, सान लोकांची. दुसरी तोरा, आणि तिच्या सभासदांत ते रीमफास्माकहून उचलून आणलेले लोक होते! वर्णभेद संपल्यावर त्यांचे मूळ गाव त्यांना परत मिळाले, काही गेलेही. पण कितीएकांनी ज्या माळावर त्यांना टाकले होते तेथेच राहायचे ठरवले. आज अशा ८६ कॉन्झर्व्हन्सी आहेत, आणि देशाची सुमारे पंचमांश जमीन त्यांच्याकडे आहे.

हे सारे गोडच आहे असे नाही. सिंह गुरे मारतात, आणि मिळणारी भरपाई गाईच्या किमतीला पुरत नाही. हत्ती पाण्यासाठी पंप मोडतात. लोकांनी टाक्यांभोवती दगडांच्या जाड भिंती रचल्या आहेत. उत्पन्नाचा काही भाग परदेशी शौकी शिकाऱ्यांकडून येतो, हे मला स्वतःला रुचत नाही. पण ज्याच्या गोठ्यात सिंह शिरत नाही त्याने किती बोलावे हाही प्रश्नच आहे. २०२० साली साथीमुळे प्रवासी थांबले आणि राखणदारांच्या पगाराची पंचाईत झाली. त्यापाठोपाठ अवर्षण इतके वाढले की २०२४ साली सरकारने ७२३ वन्य प्राणी मारून मांस भुकेल्यांना वाटण्याचे ठरवले. त्यांत ८३ हत्ती होते.

आणि आपले कुनो? गीरचे सिंह तेथे आणायचे म्हणून त्या रानातली २४ गावे उठवली. त्यांत बहुतेक सहरिया आदिवासी. सिंह आलेच नाहीत. वीस वर्षांनी चित्ते आले, ते अशा देशातून की जेथे बहुतेक चित्ते अभयारण्याबाहेर, माणसांच्या शेतांवर आणि कुरणांवर राहतात.

त्या राखणदारांची एक वही असते. मास्तर असल्यामुळे असेल, पण सगळ्या वाचनात मला तीच अधिक आवडली. कोणते जनावर कोठे दिसले, कोणाची गाय कोणी मारली, कोठे फास सापडला, हे ज्याला फारसे लिहिता येत नाही त्यालाही चित्रांवरून आणि खुणांवरून भरता यावे अशी ती केलेली आहे. काय मोजायचे ते गाव ठरवते. वर्षाच्या शेवटी तिची तपासणी होते, शास्त्रज्ञ येऊन आकडे उतरवून घेतात आणि जातात. मूळ वही गावातच राहते.

ती मुलगी आता हायस्कुलात आहे. परवा बाजारात भेटली तेव्हा तिला मी या वहीबद्दल सांगितले. तिने विचारले, "गुरुजी, त्यात चित्ता कसा काढतात?"