वृद्धांच्या मुखी असलेला इतिहास

सोलापुरात जुनी गिरणी 1877 साली सुरू झाली, हे ग्रंथांत सापडते. मे 1930 मधील लष्करी कायदा आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे यांचीही नोंद इतिहासाने ठेविली आहे. परंतु भवानी पेठेतील ज्या घरांत माग चालला, त्यांची हकीकत कोठे शोधावी? मागावर बसणाऱ्यास काय मजुरी मिळे, कांड्या भरून व विड्या वळून माउलींनी संसार कसा सावरला, हे केवळ वृद्धांच्या स्मरणात आहे.

मुंबईच्या गिरणगावातील कामगारांच्या अशा आठवणी मीना मेनन व नीरा आडारकर यांनी संकलित केल्या. 2004 साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. सोलापुरातील जुन्या गिरण्याही बंद पडल्या, हातमागाची जागा बहुतांशी यंत्रमागाने घेतली. हा पालट अनुभवलेली पिढी आता थोडीच उरली आहे.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती अशी की, घरातील वडीलधाऱ्यांजवळ स्वस्थ बसावे. पहिला माग कोणी घेतला, सूत कोठून येई, हे विचारावे. ते मराठीत, तेलुगूत वा कन्नडमध्ये बोलोत, त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपावेत. सन आठवत नसल्यास संप, दुष्काळ वा लग्नकार्य यांच्या खुणेने काळ ठरवावा. स्त्रियांस स्वतंत्र विचारावे. पुरुष मागाचे सांगतात, कांडीचे विसरतात. त्यांच्या संमतीवाचून मात्र काही छापू नये. हे काम पुढील वर्षावर टाकण्याजोगे नव्हे.