न दिसणाऱ्या जखमेचा इतिहास

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना आपण बहुधा चाकूचा इतिहास सांगतो. सुईकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तथापि वेदनेविषयी वैद्यांची समजूत गेल्या दीडशे वर्षांत जी पालटली, तिच्यात सुईचा वाटा मोठा आहे. तीच हकीकत येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ अमेरिकेतील यादवी युद्धापासून केला पाहिजे. फिलाडेल्फियाच्या एका लष्करी रुग्णालयात सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांकडे, गोळी लागून मज्जातंतू दुखावलेले शिपाई येत. जखम भरून आलेली, कातडी सांधलेली. पण हातापायांची आग आग होई. असे शिपाई दुखरा अवयव सतत ओला ठेवीत, आणि शेजारी कोणी वर्तमानपत्र उलगडले तरी त्या सळसळीने कळवळत. मिचेल यांनी सहकाऱ्यांसह १८६४ मध्ये या रुग्णांवर पुस्तक लिहिले व पुढे या दाहाला ‘कॉझाल्जिया’ हे नाव दिले. ज्याचे जळते त्याला कळते हे खरे. पण जखम भरल्यावरही ‘जळते’ म्हणणाऱ्याला छावणीत ढोंगी ठरविणे किती सोपे! ढोंगी शिपाई कसे ओळखावे यावर याच मंडळींनी त्याच वर्षी निबंध लिहिला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सुई आली ती मात्र दुसऱ्याच कामासाठी. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखविले. हायडेलबर्गच्या परिषदेस जाण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याने वाचून दाखविला. ती वार्ता ऐकून न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी पुढचे पाऊल टाकले. औषध दुखऱ्या जागी घालण्याऐवजी ते तिकडून येणाऱ्या मज्जातंतूच्या वाटेवरच सोडायचे, म्हणजे पुढचा सारा प्रदेश बधिर होतो. यालाच आज आपण ‘नर्व्ह ब्लॉक’ म्हणतो. प्रयोग त्यांनी स्वतःवर केले आणि कोकेनच्या व्यसनात सापडले. त्यातून सुटताना मॉर्फिन जडले, ते आयुष्यभर. या शोधाचे मोल असे चुकते झाले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आइनहॉर्नचे प्रोकेन आले व कोकेनचा धोका टळला.

येथवर सुई शस्त्रक्रियेची दासी होती. तिला वेदनेच्याच सेवेस लावणाऱ्यांत फ्रान्सचे रने लरिश प्रमुख. वेदना ही शरीराची हितकर पहारेकरीण आहे, हे जुने मत त्यांना मान्य नव्हते. पहिल्या महायुद्धातील जखमी पाहून त्यांचे लक्ष अनुकंपी मज्जातंतूंकडे गेले. रक्तवाहिन्या आकुंचन पावणे, घाम सुटणे, भयाने छाती धडधडणे ही कामे याच तंतूंची. पुढे चाकूऐवजी या तंतूंच्या गाठींपाशी प्रोकेन टोचण्याचा मार्ग त्यांनी अवलंबिला.

परंतु आमच्या मते या कथेचा खरा नायक जॉन बोनिका. सिसिलीजवळच्या फिलिकुदी बेटावर १९१७ साली जन्मलेला हा मुलगा अमेरिकेत आला आणि कुस्त्या खेळून वैद्यकाचे शिक्षण घेता झाला. पुढे बुरखा घालून लढणारा मल्ल तो हाच, हे पुष्कळांना ठाऊक नव्हते! दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून त्यांच्याकडे जुनाट वेदनेचे शिपाई पाठविले जाऊ लागले. कारण सुई कोठे टोचावी हे त्यांना येत होते. बोनिकांनी सुया टोचल्या. कोणास आराम पडला, कोणाचे दुखणे औषध उतरताच परतले. तेव्हा मज्जातंतूंचे, हाडांचे, मनाचे असे निरनिराळे तज्ज्ञ एकत्र बसवून एकेका रुग्णाची चर्चा करण्याची रीत त्यांनी सुरू केली. सुईत वाकबगार असलेल्या माणसानेच सुई एकटी पुरत नाही असे म्हणावे, यात त्यांचे मोठेपण आहे. १९५३ मध्ये वेदनेच्या उपचारावरचा त्यांचा प्रचंड ग्रंथ निघाला. १९७३ मध्ये त्यांनी बोलाविलेल्या सभेतून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. कुस्तीतल्या दुखापतींनी त्यांचे स्वतःचे सांधे १९९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत दुखतच होते.

आता अगदी अलीकडचे. मानेच्या तळाशी अनुकंपी तंतूंची एक ताऱ्यासारखी गाठ असते. हाताच्या दाहासाठी तेथे सुई टोचण्याची पद्धत जुनीच. २००८ मध्ये शिकागोचे यूजीन लिपोव्ह यांनी ती, भीषण प्रसंगानंतर मनात घर करून राहणाऱ्या भयावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे पुन्हा शिपाई, आणि पुन्हा न दिसणारी जखम. २०१६ च्या एका लहान चाचणीत खऱ्या व लटक्या सुईत फरक आढळला नाही. २०२० च्या ११३ जणांच्या चाचणीत दोन सुया दिल्यावर आठ आठवड्यांनी खऱ्या सुईकडे झुकता, पण बेताचाच लाभ दिसला. अशा चाचणीत एक अडचण मोठी मौजेची आहे. गाठ नीट बधिर झाली की त्या बाजूची पापणी काही तास खाली उतरते, बाहुली बारीक होते. आरशात पाहणाऱ्या रुग्णापासून खरी सुई कोणती, हे लपवावे कसे?