कोर्लईची 'आपली भाषा' : १७४० नंतर मागे राहिलेल्या माणसांची गोष्ट

आजचा धागा थोडा लांब आहे. चहा घेऊन बसा.

अलिबागहून काशीदच्या पुळणीकडे निघालेली बहुतेक वाहने रेवदंड्याचा पूल ओलांडतात आणि न थांबता पुढे जातात. पुलावरून उजवीकडे पाहिले तर कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात शिरलेला लांबट डोंगर दिसतो. तो कोर्लईचा किल्ला. हौशी मंडळी दीपगृह पाहतात, तटावर छायाचित्रे काढतात आणि उन्हे चढण्याआधी परततात. डोंगराच्या पायथ्याच्या गावात एक चर्च आहे, कार्मेल मातेचे. रविवारी तिथे प्रार्थना होते ती मराठीत. मात्र प्रार्थना संपवून बाहेर पडलेली वडीलधारी माणसे एकमेकांशी जे बोलतात ते मराठी नाही, कोकणी नाही आणि लिस्बनमध्ये समजेल असे पोर्तुगीजही नाही. ती या भाषेला 'नौ लिंग' म्हणतात. (हसू नका. मूळ पोर्तुगीज शब्द 'लिंग्वा', म्हणजे जीभ किंवा भाषा.) अर्थ सरळ आहे : आपली भाषा.

ही माणसे इथे कशी, आणि त्यांनी ही भाषा कशी टिकवली, हा आजचा विषय.

प्रथम एक गैरसमज दूर करू. या किनाऱ्यावरचा ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांबरोबर आला, असे आपण धरून चालतो. दहाव्या शतकातला अरब प्रवासी अबू दुलफ याने 'सैमूर' बंदराचे वर्णन केले आहे. सैमूर म्हणजे आपले चौल, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. तिथे देवळे, मशिदी, ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि पारशांच्या अग्यारींबरोबर ख्रिस्ती चर्चेही असल्याचे तो सांगतो. ही बहुधा इराणी आखाताकडून आलेल्या व्यापाऱ्यांची असावीत. पुढे त्यांचा माग लागत नाही.

त्यानंतर सुमारे पाच शतकांनी, १४७० च्या आगेमागे, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. आज रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. निकितिन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. वाटेत व्होल्गेच्या मुखाशी त्याला लुटण्यात आले आणि त्यात त्याची धर्मपुस्तके गेली. त्यामुळे ईस्टर कधी, उपवास कधी, हेच त्याला कळेनासे झाले. त्याच्या प्रवासवर्णनात हे दुःख पुन्हा पुन्हा उमटते. माझ्या मते त्या लेखनातला सर्वांत हृदयस्पर्शी भाग तोच आहे. परमुलखात एकट्याने श्रद्धा बाळगणे म्हणजे काय, ते तिथे कळते. सण पाळायला दिनदर्शिका लागते, आणि दिनदर्शिका सांभाळायला समाज लागतो. कोर्लईची गोष्ट वाचताना निकितिनला विसरू नका.

आता पोर्तुगीज. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक आरमाराशी आणि दीवच्या मलिक अयाजशी त्यांची लढाई झाली. तीत व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मैदा मारला गेला. तरी १५१६ मध्ये त्यांनी इथे वखार घातली आणि १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने किल्ला बांधायला घेतला. त्यातूनच आजच्या रेवदंड्याच्या कोटातले पोर्तुगीज शहर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि जेझुइट अशा तिन्ही पंथांच्या इमारती तिथे होत्या. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून आजही त्यांच्या भिंती डोकावतात. स्थानिक लोक ज्याला 'सातखणी' म्हणतात तो उंच मनोरा फ्रान्सिस्कनांचा.

समोरच्या तीरावरचा डोंगर मात्र बराच काळ त्यांच्या हाती नव्हता. १५७०-७१ च्या मोठ्या वेढ्यात निजामशाहीला चौल घेता आले नाही. पुढे १५९२ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने खाडीचे तोंड रोखण्यासाठी या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला. १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी तो जिंकला. ज्याच्या हाती कोर्लई, त्याच्या हाती चौलची खाडी, असे हे साधे गणित होते. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने चौलला वेढा घातला तेव्हाही ही जोडी पोर्तुगिजांकडेच राहिली.

अशा ठाण्याभोवती कोणती माणसे जमतात? आपल्याला आठवतात ते कप्तान आणि पाद्री. पण किल्ला चालतो तो शिपाई, नोकर, स्वयंपाकी, हमाल आणि शेतकरी यांच्या बळावर. गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोकही पोर्तुगीज वसाहतींत सर्वत्र होते. धर्मांतरे झाली. त्यांत काही श्रद्धेने, काही आश्रयासाठी आणि काही सत्तेच्या दडपणाखाली. पोर्तुगीज राजवट या बाबतीत सौम्य नव्हती, हे लपवण्याचे कारण नाही. या सर्वांच्या रोजच्या व्यवहारातून एक बोली तयार झाली. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, व्याकरण पुष्कळ सोपे केलेले. अशी बोली पुढच्या पिढीची मातृभाषा झाली की भाषाशास्त्रज्ञ तिला 'क्रिओल' म्हणतात. पोर्तुगिजांच्या 'उत्तर प्रांतात', म्हणजे दमणपासून वसई, ठाणे, साष्टी, मुंबई ते चौलपर्यंत, अशा बोली सर्वत्र होत्या. गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियांव रोडोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये या उत्तरेकडील बोलीवर स्वतंत्र अभ्यासच लिहिला.

मग आले १७३९. चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्या विजयानंतर उत्तर प्रांत कोसळला आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. बखरी आणि पत्रव्यवहार इथे विजयाचा विडा ठेवून पुढच्या मोहिमेकडे वळतात. आपणही वळतो. पण नंतरच्या वर्षांत या किनाऱ्यावर काय झाले?

पोर्तुगीज अधिकारी गेले. मिश्र वंशाची प्रतिष्ठित कुटुंबे गेली. ज्यांना गोव्यात नातेवाईक, जमीन वा ओळख होती, तेही गेले. ज्यांना जायला जागा नव्हती ते राहिले. कोर्लईच्या भाषेवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमंट्स यांच्या मांडणीनुसार हे राहिलेले लोक मुख्यतः हलक्या समजल्या जाणाऱ्या जातींतले होते. आता त्यांची स्थिती पाहा. हिंदू शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते धर्माबाहेरचे होते, आणि मूळ जातीची खूणही पुसलेली नव्हती. मुसलमान शेजाऱ्यांशी धर्म आडवा येत होता. सोयरीक कोणाशी करणार? आपसांतच. उत्तरेला कुंडलिका, पश्चिमेला समुद्र, आणि पलीकडे रेवदंड्याला जायचे तर तरीने. समाज आणि भूगोल या दोन्ही भिंतींच्या आत ही बोली राहून गेली.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. 'त्यांनी अभिमानाने भाषा जपली' असे लिहिणे सोपे आहे आणि पर्यटनपत्रकांत तसेच छापले जाते. मला ते अर्धसत्य वाटते. भाषा जपली गेली त्यात मोठा वाटा त्यांना कोणी आपल्यात घेतले नाही याचा आहे. जातीव्यवस्थेने दूर ठेवलेल्या माणसांकडे स्वतःचे असे जे उरले होते, ते बोली आणि चर्च. याचा अर्थ प्रेम नव्हते असा नाही. ज्या नावाने ते भाषेला हाक मारतात त्यातच ते आहे.

चर्चने दुसरे काम केले. राजसत्ता बदलली तरी गोव्याच्या धर्मव्यवस्थेशी धागा तुटला नाही. पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू येत राहिले, प्रार्थनांमध्ये पोर्तुगीज ऐकू येत राहिली. निकितिनपाशी जे नव्हते ते कोर्लईपाशी होते : सण केव्हा ते सांगणारा माणूस आणि तो साजरा करणारी वस्ती.

आणि तरीही ही भाषा पोर्तुगीज राहिली नाही. हा भाग भाषेच्या अभ्यासकांना विशेष भुरळ घालतो. पोर्तुगीजमध्ये वाक्याचा क्रम 'मी खातो भात' असा. मराठीत 'मी भात खातो', म्हणजे क्रियापद शेवटी. कोर्लईच्या बोलीने हळूहळू मराठीचा क्रम उचलला. मराठी क्रियापदे तिने घेतली तीही शिस्तीत. पोर्तुगीजमधून आलेल्या क्रियापदांचे तीन गट होते, तर मराठीतून आलेल्यांसाठी उकारान्त असा चौथा गटच तयार झाला. पाहुण्यांना घरात स्वतंत्र खोली द्यावी तसे. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची चाल दिवसेंदिवस मराठी.

उलट दिशेचा व्यवहार आपल्या तोंडी रोज असतो. चावी, पगार, लिलाव, तुरुंग, घमेले, बिजागरी, पाव, बटाटा हे शब्द आपण घेतले ते त्याच पोर्तुगिजांकडून. पगार होणे, चावी हरवणे आणि तुरुंगात जाणे, तिन्हीसाठी मराठी माणूस पोर्तुगिजांचा ऋणी आहे.

मुंबई, ठाणे आणि वसईच्या बोली विरून गेल्या. तिथे इंग्रजी सत्ता, शाळा आणि नोकऱ्या आल्या, मराठीच्या स्थानिक बोलींनी आपली जागा घेतली. केरळात कोचीजवळच्या वायपीन बेटावरच्या बोलीचा अखेरचा अस्खलित भाषक २०१० मध्ये वारला. दमण आणि दीवला भाषक उरले आहेत, पण तिथे पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत होती. कोर्लईतून ती १७४० मध्ये गेली. सत्तेशिवाय अडीच शतकांहून अधिक काळ टिकलेली ही बोली आज हजाराच्या आसपास, किंबहुना त्याहूनही कमी लोक बोलतात.

बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, आणि तो चांगल्या गोष्टींच्या रूपाने आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेत उपासना करण्यास मुभा दिली. कोर्लईसाठी लोकभाषा ठरली मराठी. 'नौ लिंग' नव्हे, कारण तिला लिपी नव्हती, छापील प्रार्थनापुस्तक नव्हते आणि कोणाच्या यादीत नावही नव्हते. मुले मराठी शाळेत जाऊ लागली. खाडीवर पूल झाला, तर संपली, साळावला कारखाना आला आणि मुंबई काही तासांवर आली. दोन्ही भिंती एकदमच खचल्या. ज्या दुराव्याने भाषा टिकवली तो संपला, हे गावातल्या तरुण मुलीला वा मुलाला वाईट का वाटावे? नोकरी, शिक्षण, बरोबरीची वागणूक हवी असेल तर दार उघडावेच लागते.

म्हणून ही भाषा 'वाचवा' असे बाहेरून ओरडणाऱ्यांबद्दल मी जरा साशंक असतो. पण तिची नोंद व्हावी, गाणी-गोष्टी ध्वनिमुद्रित व्हाव्यात, आणि जिल्ह्याच्या इतिहासात तिला किल्ल्याएवढी जागा मिळावी, याला हरकत कोणाची असणार? क्लेमंट्स यांचे पुस्तक १९९६ मध्ये इंग्रजीत आले. मराठीत तेवढ्या तोलाचे काम अजून व्हायचे आहे. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणी भाषाशास्त्र शिकत असेल, तर विषय मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.

आणि जायचे असेलच तर एवढे करा. किल्ल्यावर जाण्याआधी गावातून चाला. चर्चच्या आवारात शिरताना विचारून शिरा. ते प्रार्थनास्थळ आहे, पुरातत्त्वाचा अवशेष नव्हे. कोणालाही 'तुमची ती भाषा बोलून दाखवा' असे म्हणू नका. बसस्टॉपवर उभे राहिलात तर कधी कधी ती न मागता कानी पडते.

कार्मेल मातेचा सण चर्चच्या दिनदर्शिकेत १६ जुलैला येतो. तेव्हा पाऊस भरात असतो, समुद्र खवळलेला असतो, गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच बंद असतात आणि शेतांत लावणीची घाई असते.