तारापूरच्या वेढ्यातला पेच

बोईसर स्टेशनाबाहेरच्या रिक्षांचा गोंगाट मागे टाका आणि तारापूरच्या किनाऱ्याकडे चालू लागा. थोड्याच वेळात डांबर संपतं, विजेचे खांब दिसेनासे होतात आणि अंगात जाडाभरडा अंगरखा आलेला असतो. 1739चा जानेवारी चालू आहे. समोर फिरंग्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा किल्ला, भोवती चिमाजी अप्पांची मराठा फौज. लढाई लढणारे लढतील. तुम्हाला लोहाराच्या पालात काम मिळालंय.

ओढा भाता! तोंडावर निखाऱ्यांची धग, पाठीवर खाडीवरून येणारा गार वारा. कोळसा, घोड्यांची लीद, वाळणारे बोंबील आणि जळक्या दारूचा गंधकी वास, सगळे एकाच श्वासात नाकात शिरतात. कुणाचा नाल निघालाय, कुणाच्या भाल्याचं पातं वाकलंय. प्रत्येकाला आपलंच काम आधी हवंय.

त्या गर्दीतून एक शिपाई फिरंग्यांकडून हाती लागलेली बंदूक पुढे करतो. चकमकीची आहे, तोड्याची नव्हे. बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यातली गारगोटी बोथटलीय, ठिणगी पडत नाही. गारगोटी बदलायची तर वरचा पेच सैल करायला हवा, आणि पेच तर खाऱ्या हवेनं गंजून बसलाय. त्यात शिपायानं सुरीचं टोक घालून जोर केला. खाच फाटली, कडा वर आल्या.

लोहार आधी नळीत गज घालून बार भरलेला नाही ना, ते बघतो. मग गारगोटीखालचं चामडं ओढून काढतो आणि पेचाच्या मुळाशी तेलाचे दोन थेंब सोडतो.

"जोर नको लावू, पोरा. तेल मुरू दे."

तोवर तो पोलादाची एक पट्टी कानशीवर घासत बसतो. घासायची, खाचेत घालून बघायची, पुन्हा घासायची. खाचेत तळापर्यंत बसेल आणि जराही डुलणार नाही, असा पेचकस त्याला हवाय. मग तापवलेली सळई पेचाच्या माथ्यावर टेकवतो. लोखंड फुगतं, निवताना आकसतं, आणि गंजाची पकड सुटते. आधी किंचित आवळतो, मग उलटा फिरवतो. कर्र! तो आवाज तुमच्या दातांत जाणवतो.

खरी कारागिरी इथून पुढे. आटे चेपू नयेत म्हणून पेच लाकडाच्या दोन फळ्यांत धरलाय. छोट्या हातोडीनं टक, टक, टक. वर आलेलं लोखंड कापून न टाकता हळूहळू खाचेकडे परत लोटायचं. मग पातळ कानशीनं खाच सरळ करायची, माथा घासून चकचकीत करायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. रंगावरची नजर हलवू नका. गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा... आणि निळा! लगेच तेलात. चर्र करून धूर उठतो. त्या निळ्या पापुद्र्यामुळे गंज चढायला वेळ लागतो.

नवाच पेच का नाही केला, असं तुमच्या मनात येतंय ना? हे आटे ज्या कारागिरानं पाडले, त्याच्या हत्याराचं माप त्याच्याच पेटीत. दुसऱ्या बंदुकीचा पेच या भोकात चालत नाही. आट्यांची एकसारखी मापं जोसेफ व्हिटवर्थ इंग्लंडात 1841 साली सुचवणार आहे. तोवर ज्या भोकाचा पेच, तो त्याचाच.

शिपाई नवी गारगोटी बसवतो, घोडा ओढून सोडतो. ठिणग्या उडतात, तुम्ही दचकून मागे सरता, आणि पाठ टेकते ती थेट आजच्या तारापूरमधल्या एखाद्या कारखान्याच्या भिंतीला.

इथे लेथवर नवा पेच सहज निघेल, पण त्यावर त्या हातांची खूण नसेल. कुणाकडे परवान्याची जुनी बंदूक दुरुस्तीला निघाली, तर त्यांना एवढं जरूर सांगा: पेचाला हात लावण्याआधी पेचकस त्याच्या खाचेच्या मापाने घासून घ्या, आणि फाटक्या खाचेचा म्हणून मूळ पेच भंगारात टाकू नका.