गहाण सोडवणारा टोमॅटो

१/ ‘मॉर्गेज लिफ्टर’ म्हणजे गहाण सोडवणारा. अमेरिकेतील परसबागांत आजही लावल्या जाणाऱ्या एका टोमॅटोचे हे नाव. त्यामागे महामंदीचा काळ, कर्जात अडकलेले एक घर आणि एक गाडीदुरुस्ती करणारा कारागीर आहे.

२/ मार्शल क्लेटिस बाइल्स यांचे दुकान वेस्ट व्हर्जिनियातील लोगन येथे, एका चढाच्या पायथ्याशी होते. चढावर ट्रकचे रेडिएटर तापून बंद पडत आणि चालक बाइल्स यांच्याकडे येत. त्यावरून त्यांना ‘रेडिएटर चार्ली’ हे नाव पडले. घरावर मात्र ६,००० डॉलरचे कर्ज होते.

३/ बाइल्स यांनी मोठ्या फळांची वाणे जमवली. मध्यभागी ‘जर्मन जॉन्सन’चे रोप लावले आणि भोवती इतर वाणांचे कडे केले. मग कड्यातील फुलांचे पराग लहान मुलांचे कान धुण्याच्या रबरी पिचकारीत घेऊन ते मधल्या रोपाच्या फुलांवर सोडले.

४/ पिचकारी कशासाठी? टोमॅटोच्या फुलात स्त्रीकेसराभोवती पुंकेसरांची नळी असते, त्यामुळे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. दोन वाणांचा संकर हवा असेल, तर माणसाला मध्ये पडावे लागते.

५/ संकर हा केवळ आरंभ होता. संकराच्या पुढच्या पिढीत रोपे एकमेकांसारखी निघत नाहीत. बाइल्स यांनी सुमारे सहा वर्षे दर हंगामात उत्तम रोपांचेच बी राखले. हळूहळू भिन्नता ओसरली आणि बियाण्यातून तेच फळ पुन्हा पुन्हा येऊ लागले. शेतीच्या भाषेत, ‘सरळ वाण’ तयार झाले.

६/ १९४० च्या दशकात ते एकेक रोप १ डॉलरला विकू लागले. दोनशे मैलांवरून गिऱ्हाईक येई. सहा वर्षांत कर्ज फिटले. नुसत्या रोपविक्रीतून हिशेब केला, तर वर्षाला सुमारे एक हजार रोपे!

७/ या व्यवहारातील खरा पेच पुढे आहे. सरळ वाणाचे रोप नेणारा पहिल्याच फळातून स्वतःचे बी काढू शकत होता. अमेरिकेचा १९३० चा वनस्पती पेटंट कायदा कलमासारख्या, बीविरहित पद्धतीने वाढवलेल्या वाणांपुरता होता. बियाण्याच्या वाणांना संरक्षण १९७० मध्ये मिळाले. म्हणजे बाइल्स प्रत्येक डॉलरबरोबर आपली मक्तेदारीही विकत होते.

८/ १९४९ मध्ये बर्पी कंपनीने ‘बिग बॉय’ हा संकरित टोमॅटो आणला. त्याच्या बियांतून तशीच रोपे येत नाहीत, म्हणून बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. कायद्याने न दिलेले कुंपण इथे बियाण्यातच होते.

९/ साधनांविषयी सावधगिरी हवी. ही कथा मुख्यतः १९८५ मध्ये बाइल्स यांनी वृद्धपणी दिलेल्या मुलाखतीवर उभी आहे. याच नावाचे, एस्टलर घराण्याशी जोडलेले दुसरे वाणही त्याच राज्यात सांगितले जाते. मौखिक इतिहासातील आकडे आठवणीचे असतात. ते तसेच वाचावेत.

१०/ वाण मात्र टिकले, कारण ते एका हाती राहिले नाही. पिकलेल्या फळातील गर दोन-तीन दिवस आंबवायचा, बी धुऊन सावलीत सुकवायचे, पुढच्या हंगामात पेरायचे. बाइल्स यांचे कर्ज एकदाच फिटले. वाण जपण्याचे काम अनोळखी परसबागांनी दर वर्षी नव्याने केले.