बेण्णा, वैनगंगा आणि पवनीचा काठ

भंडारा जिल्ह्यातील पवनीला तीन बाजूंनी तट आणि खंदक आहे; चौथ्या बाजूची राखण वैनगंगा करते. घाट आणि मंदिरे यांच्यामुळे या काठाला 'विदर्भाची काशी' म्हणतात. नदीच्या नावातील 'गंगा' हा मात्र मागाहून जडलेला मान आहे. प्राचीन लेखांत ती नुसती बेण्णा.

नाशिकच्या लेण्यातील एका लेखात गौतमीपुत्र सातकर्णीला 'बेनाकटकस्वामी' म्हटले आहे. बेनाकटक म्हणजे बेनाकाठचा प्रदेश, असा अर्थ घेतला तर पुढचा प्रश्न उभा राहतो : कोणती बेना? साताऱ्याकडे वेण्णा आहे, हिंगणघाटावरून वेणा वाहते, आणि कृष्णेचेही जुने नाव कृष्णवेण्णा! केवळ नावाच्या साम्यावर विसंबणारा येथे हमखास फसतो.

वा. वि. मिराशी यांनी कौल दिला वैनगंगेला. त्याला भक्कम आधार आहे तो वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाच्या तिरोडी ताम्रपटाचा. त्यात 'बेण्णाकट' हा प्रदेश येतो, आणि तिरोडी आहे बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्याच खोऱ्यात.

पवनीची भूमीही मुकी नाही. येथील एका स्तंभलेखात रुपिअम्म या महाक्षत्रप कुमाराचे नाव आहे, तर एका शिलालेखात भार राजा भगदत्ताचे. क्षत्रपांची सत्ता आपण नाशिक-जुन्नरकडे शोधतो. तिचा माग इतक्या पूर्वेला लागावा, हे विलक्षणच. नहपानाला जिंकणाऱ्या सातकर्णीने वैनगंगेचे स्वामित्व मिरवावे, याचे मोल येथे कळते. १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. नागराज मुचलिंदाचे नाव कोरलेले शिल्पही त्यांतलेच. 'पवन राजावरून पवनी' ही लोककथा गोड खरी, पण या दगडांसमोर फिकी वाटते.

ओडिशातील हाथीगुंफा लेखानुसार खारवेलाचे सैन्य पश्चिमेकडे निघून 'कण्हबेंणा' नदीपर्यंत आले होते. काही अभ्यासक ही कृष्णा मानतात. मिराशींच्या मते ही कन्हान-वैनगंगाच. या दोन्ही नद्या पवनीच्या वरच्या अंगाला, आंभोऱ्यापाशी मिळतात. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचे पाणी आता त्या संगमापर्यंत पसरले आहे. खारवेलाची कण्हबेंणा खरोखरच येथे असेल, तर तिच्या या पात्राचे आजचे सरकारी नाव आहे इंदिरा सागर.