समुद्राला सातबारा नसतो: हर्णेची मासळी मोजायची कशी?

दुपार कलली की हर्णेच्या किनाऱ्यावर लिलाव सुरू होतो. दापोलीला फिरायला गेला असाल तर तुम्ही तो पाहिलाही असेल. समोर सुवर्णदुर्ग, पाण्यात नांगरलेल्या बोटी, त्यांच्याकडून छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून काठावर येणारी मासळी. वाळूवर कोळंबी, बांगडा, म्हाकूळ, पापलेट, सुरमई यांचे ढीग लागतात, भोवती माणसांचं कडं पडतं, बोली चढते आणि तासाभरात माल बर्फात जाऊन गाडीला लागतो.

आता एक साधा प्रश्न. त्या दिवशी हर्णेत एकूण किती मासळी उतरली?

तांडेलाला आपल्या बोटीचं माहीत असतं, व्यापाऱ्याला आपल्या खरेदीचं. पण सगळ्या बंदराचा आकडा कोणाच्याच वहीत नसतो. तरीही दरवर्षी वर्तमानपत्रात बातमी येते की महाराष्ट्रात यंदा अमुक लाख टन मासळी मिळाली. हा आकडा येतो कुठून? माझं संशोधन शेती आणि ग्रामीण आकडेवारीच्या इतिहासावर आहे. त्या इतिहासातलं मला सर्वांत आवडणारं प्रकरण म्हणजे या प्रश्नाचं उत्तर, आणि त्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे.

जमिनीचा हिशेब होता, समुद्राचा नव्हता

आपल्याकडची शेतीची आकडेवारी ज्ञानाच्या हौसेतून जन्मली नाही, ती सारावसुलीतून जन्मली. ज्या जमिनीवर सारा बसवायचा ती मोजलीच पाहिजे. म्हणून सर्व्हे नंबर आले, पीक पाहणी आली, सातबारा आला. कोकणात मध्ये खोत होता, त्यामुळे कागद जास्त गुंतागुंतीचे झाले, पण कागद होते.

पीक किती आलं हे मात्र नजरेनं ठरायचं. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं म्हणजे आठ आणे. हीच आणेवारी पुढे पैसेवारी झाली. पैसेवारी पन्नासच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींचा प्रश्न येतो, हे ग्रामीण महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही माहीत असतं. म्हणजे आकडा कमी लागला तर एकाचा फायदा, जास्त लागला तर दुसऱ्याचा. ज्या आकड्यावर कोणाचं तरी पोट अवलंबून आहे, तो नजरेवर सोडला की ओढाताण होणारच.

समुद्रावर असा सारा नव्हता, त्यामुळे तलाठीही नव्हता. इंग्रजी काळात जे मोजलं गेलं ते करापुरतं. बंदरातून काय आलं-गेलं याच्या जकातीच्या नोंदी झाल्या, आणि सरकारी देखरेखीखाली मासळी खारवण्यासाठी मिठावर सवलत असे तिथे तेवढ्यापुरते हिशेब राहिले. 1873 साली फ्रान्सिस डे यांचा भारत आणि ब्रह्मदेशाच्या सागरी मासळीवरचा अहवाल आला. 1933 साली सॉर्ले यांचा मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवरचा अहवाल छापला गेला. दोन्ही वाचण्यासारखे आहेत, पण दरवर्षी सगळ्या किनाऱ्यावर किती मासळी उतरते हे सांगणारी पद्धत त्यातून उभी राहिली नाही.

शेतातून किनाऱ्यावर

इथे पांडुरंग वासुदेव सुखात्मे येतात. जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. फर्ग्युसनमध्ये शिकून ते लंडनला गेले आणि 1936 साली तिथे संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. 1940 पासून ते कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी आणेवारीच्या जागी नमुना पीक कापणीची पद्धत बसवली. गावं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, गावातली शेतंही तशीच, शेतातला तुकडाही तसाच. मग तेवढ्या तुकड्याचं पीक कापून, मळून, तराजूत घालायचं.

यात सुखात्मे यांनी एक बारीक गोष्ट दाखवली. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं. कापणाऱ्याच्या हातून कडेवरची रोपं आत धरली जातात, आणि तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा. यात लबाडी काहीच नाही, तरी आकडा चुकतो. माझ्या मते त्यांचा सगळ्यांत उपयोगी धडा हाच आहे: चूक माणसाच्या नियतीत शोधण्याआधी पद्धतीत शोधा.

पण मासळीला शेत कुठून आणायचं? समुद्राचा तुकडा आखता येत नाही. सुखात्मे, पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री यांचा यावरचा निबंध 1958 साली ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात आला. मलबार किनाऱ्यावरच्या पाहण्यांचा अनुभव त्यामागे होता. त्यातली कल्पना सोपी करून सांगतो. मासा समुद्रात मोजू नका, काठावर मोजा. शेताच्या तुकड्याऐवजी ‘एक बंदर, एक दिवस’ हा तुकडा धरा, आणि असे तुकडे चिठ्ठीनं निवडा.

1947 साली तमिळनाडूत मंडपमला सुरू झालेल्या आणि आता कोचीत असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं (सीएमएफआरआय) ही पद्धत वाढवत नेली. आजही मूळ सांगाडा तोच आहे.

प्रत्यक्षात काय करतात?

किनाऱ्याचे विभाग पाडलेले असतात. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन गट करतात. पहिल्या पाच तारखांतून एक तारीख चिठ्ठीनं निघते आणि तिथून सलग सहा दिवस धरून दोन-दोन दिवसांच्या तीन जोड्या होतात. पुढच्या दोन गटांत दहा-दहा दिवसांच्या अंतरानं हेच चक्र चालतं. म्हणजे महिन्यात नऊ जोड्या. कोणत्या जोडीला कोणत्या बंदरावर जायचं, हेही चिठ्ठीच ठरवते. पहिल्या दिवशी पाहणी दुपारी 12 ते संध्याकाळी 6, दुसऱ्या दिवशी सकाळी 6 ते दुपारी 12. मधल्या रात्री काय उतरलं ते चौकशी करून घेतात. झाले चोवीस तास.

बोटींचंही तसंच. पंधरापर्यंत बोटी आल्या तर सगळ्या पाहायच्या. वीस ते एकोणतीस असतील तर दोनांत एक, चाळीस ते एकोणपन्नास असतील तर चारांत एक. समजा, 48 बोटी लागल्या. त्यांतल्या 12 पाहिल्या आणि त्यांची मिळून 3,000 किलो मासळी भरली. बोटीमागे 250 किलो, म्हणून 48 बोटींची 12,000 किलो. सोबत जाळं कोणतं, किती तास मासेमारी केली, कोणत्या जातीचा मासा किती, हेही टिपायचं.

तुम्ही म्हणाल, बाराच बोटी पाहून काय कळणार? एकाच बंदराचा एकाच दिवसाचा आकडा यातून पक्का कळत नाही, हे खरंच आहे. पण चिठ्ठी प्रामाणिक असेल तर असे शेकडो दिवस आणि बंदरं एकत्र केल्यावर राज्याचा आकडा विश्वासाचा होतो, आणि त्यात चूक किती असू शकेल याचाही अंदाज बांधता येतो. नजरेच्या आणेवारीत ही सोय नव्हती.

मग अडतं कुठे?

सीएमएफआरआयच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची सागरी मासळी 2018 साली सुमारे 2.95 लाख टन होती, ती 2019 साली 2.01 लाख टनांवर आली. मासे संपले का? त्या वर्षी वायू, क्यार, महा अशी वादळं अरबी समुद्रात झाली आणि बोटींचे बरेच दिवस बंदरात गेले. म्हणून नुसता टनांचा आकडा अपुरा पडतो. किती दिवस, किती तास समुद्रात होते, हे शेजारी ठेवल्याशिवाय समुद्र रिकामा झाला की बोटी बाहेरच पडल्या नाहीत हे कळत नाही. त्यात राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग स्वतंत्रपणे मोजतो. एकाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, दुसऱ्याचं एप्रिल ते मार्च. दोन आकडे समोरासमोर ठेवून भांडायला सगळे मोकळे.

2010 साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं शेती आणि ग्रामीण आकडेवारी सुधारण्याची जागतिक रणनीती मान्य केली. अन्न आणि शेती संघटना (एफएओ) तिच्या मुख्य कर्त्यांपैकी एक. याच संघटनेच्या सांख्यिकी विभागाची धुरा 1951 पासून जवळजवळ वीस वर्षं सुखात्मे यांच्याकडे होती. रणनीतीचे आधार तीन: प्रत्येक देशानं गोळा करायच्याच अशा मोजक्या नोंदी, शेतीच्या आकडेवारीला देशाच्या एकूण सांख्यिकी व्यवस्थेशी जोडणं, आणि हे काम करणारी माणसं व संस्था बळकट करणं. मासेमारीही त्यात धरली आहे. त्यानुसार देशांनी आपापला आराखडा आखायचा.

हर्णेवरून पाहिलं तर यातला दुसरा आधार कळीचा वाटतो. मासळीचा आकडा एका खात्यात, बोटींची नोंदणी दुसऱ्या यादीत, कुटुंबं तिसऱ्या गणनेत. 2010 च्या सागरी मच्छीमार गणनेत महाराष्ट्रात 456 मच्छीमार गावं आणि 152 मासळी उतरवण्याची केंद्रं नोंदली गेली. पण मासळी उतरल्या ठिकाणी मोजली जाते. हर्णेच्या किंवा शेजारच्या पाजपंढरीच्या बोटीनं दुसऱ्या बंदराला माल दिला तर तो तिकडे धरला जातो, घर मात्र इथे असतं. आणि मासळी वाळवणाऱ्या, विकणाऱ्या बाईचे श्रम टनांत कुठेच दिसत नाहीत.

हा कागदी वाद नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं आणि दापोली तालुक्याला जबर तडाखा बसला. अशा वेळी भरपाईला बोट नोंदलेली हवी आणि नेहमीचं उत्पन्न किती ते माहीत हवं. राज्यानं 2016 साली पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले, 2017 साली केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. पारंपरिक मच्छीमार म्हणतात, आमचा वाटा ओढला जातो. हे तपासायचं तर जाळ्यावार आणि दिव्याच्या बोटींसह आकडे लागतात. पण बंदी असलेल्या पद्धतीनं पकडलेली मासळी स्वतःहून कोण नोंदवेल? आणेवारीचीच ओढाताण पुन्हा, फक्त शेताऐवजी समुद्रात.

म्हणून यापुढे मासळीच्या उत्पादनाची बातमी वाचलीत तर तीन गोष्टी विचारा. आकडा कोणाचा आणि कोणत्या वर्षाचा? तेवढ्या मासळीसाठी बोटी किती दिवस समुद्रात होत्या? आणि उतरवलेली मासळी कोणत्या जाळ्याची? तिन्हींची उत्तरं बातमीत नसतील, तर त्या आकड्यावरून कोळ्यांबद्दल किंवा समुद्राबद्दल एवढ्यात काही ठरवू नका.

पुढच्या लेखात 1980 पासूनच्या मच्छीमार गणनांकडे वळू. माणसं मोजणं मासे मोजण्यापेक्षा सोपं असेल असं वाटतं, पण तसं नाही.